निनावी ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी शोधताना: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर: हातात काय आहे

एक बंद प्लास्टिकचा डबा, आत दोन एए सेल, बाहेर लोंबणारी तापमानाच्या सेन्सरची वायर. ज्या डिस्प्लेला हा माहिती पाठवायचा तो डिस्प्ले आता नाही. डब्यावरचं लेबल उन्हात पुसून गेलंय. बटण नाही, दिवा नाही. तो अजून प्रसारण करतो की नाही हेही बाहेरून कळत नाही.

काम एवढंच: हा कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ते नक्की करायचं, म्हणजे त्याला दुसरा रिसीव्हर जोडता येईल. उपकरण स्वतःचं आहे आणि आपण फक्त ऐकणार आहोत. शोधाच्या नावाखाली काहीही प्रसारित करायचं नाही.

साधनं: आर८२०टी२ ट्यूनरवाला आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), १०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा स्कोप (व्होल्टेजची रेघ दाखवणारा ऑसिलोस्कोप), ६४ ने भागणारा प्रीस्केलर असलेला फ्रिक्वेन्सी काउंटर, सिग्नल कमी करणारा २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर, आणि किरकोळ डायोड, रेझिस्टर, मॉस्फेट (विजेने चालणारे स्विच).

लेबल असतं तर पहिलं काम एफसीसी आयडी (अमेरिकी रेडिओ नियामकाचा प्रमाणन क्रमांक) शोधण्याचं. तो नंबर मिळाला की प्रमाणनाच्या कागदपत्रांत फ्रिक्वेन्सी, मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत) आणि बऱ्याचदा आतले फोटोही मिळतात. डबा उघडण्याआधी सेलच्या कप्प्याची आतली बाजू टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून बघावी, पुसलेली छपाई कधीकधी तिथे दिसते. इथे काही मिळालं नाही.

५ ऑक्टोबर: बोर्डाकडून मिळालेले पुरावे

डबा उघडला. रेडिओच्या चिपवरची अक्षरं खरवडलेली आहेत. शेजारी क्रिस्टल, त्यावर २६.००० असं छापलेलं. अँटेना म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटर उंचीची तांब्याची स्प्रिंग.

अँटेना सरळ वायरची असती तर फुटपट्टीनेच अंदाज आला असता. पाव तरंगलांबी ३१५ मेगाहर्ट्झला सुमारे २३.८ सेंटीमीटर येते, ४३३.९२ ला १७.३, ८६८ ला ८.६ आणि २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम ३.१. स्प्रिंगला हा हिशेब लागू होत नाही. वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे आणि बोर्डाच्या तांब्यामुळे ती वेगळ्याच ठिकाणी ट्यून होते. वायर उलगडून लांबी मोजण्याचा मोह टाळावा: उत्तर चुकतं आणि अँटेना बिघडते ती वेगळीच.

क्रिस्टलकडून मात्र बरंच कळतं. आधी धातूचा गोल किंवा चौकोनी सॉ रेझोनेटर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर कंप पावणारा भाग) आहे का ते बघायचं. त्यावर आर४३३ किंवा आर३१५ असं काही असेल तर शोध तिथेच संपला. १३.५६० चा क्रिस्टल असेल तर ३२ ने गुणा: ४३३.९२. ९.८४३७५ चा असेल तर तोच गुणाकार ३१५ देतो. साध्या रिमोटच्या चिप अशा ठरलेल्या पटीवरच चालतात.

२६.००० चं तसं नाही. इथे चिपच्या आत पीएलएल (क्रिस्टलवरून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) आहे आणि फ्रिक्वेन्सी प्रोग्रॅममधून ठरते. क्रिस्टलला कुठल्याही पूर्णांकाने गुणून ती सापडणार नाही. पण २६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिप मोजक्या आहेत आणि सीसी११०१ हे त्यांतलं सर्वांत जास्त दिसणारं नाव. ती ३०० ते ३४८, ३८७ ते ४६४ आणि ७७९ ते ९२८ मेगाहर्ट्झ या तीन पट्ट्यांत चालते. म्हणजे शोधायचा प्रदेश २७४ मेगाहर्ट्झचा झाला आणि २.४ गिगाहर्ट्झ यादीतून गेलं. हा अंदाज आहे, पुरावा नाही. तरी सुरुवात इथूनच करणं शहाणपणाचं.

६ ऑक्टोबर: फ्रिक्वेन्सी काउंटर, आणि ३५ चा भुलवणारा आकडा

काउंटरच्या इनपुटला दोन सेंटीमीटर व्यासाचं एक वेढ्याचं लूप लावून ते स्प्रिंगजवळ धरलं. गेट (एका मोजणीचा काळ) एक सेकंदाचं.

काही जोडलेलं नसतानाही काउंटर आकडे दाखवत होता. प्रीस्केलरला सिग्नल मिळाला नाही की तो स्वतःच थरथरतो, त्यामुळे हे आकडे सोडून द्यायचे. मधूनच मात्र ३४.७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा येत होता, कधी त्याहून कमी. २७ आणि ४० मेगाहर्ट्झवर खेळणी आणि जुनी रिमोट उपकरणं चालतात, म्हणून हा आकडा खरा वाटतो. त्यामागे जाऊन २५ ते ५० मेगाहर्ट्झ चाळण्यात अख्खी संध्याकाळ गेली, हाती काही लागलं नाही.

कारण पुढच्या नोंदीत मोजमाप झाल्यावर उघड झालं. काउंटर लाटा मोजतो आणि गेटच्या वेळेने भागतो. ट्रान्समीटर एका सेकंदातले फक्त ८० मिलिसेकंद चालू असेल तर ४३४ च्या जागी ०.०८ गुणिले ४३४, म्हणजे ३४.७ च दिसणार. झोत दोन गेटांत विभागला गेला की त्याहून कमी. थांबून थांबून बोलणाऱ्या ट्रान्समीटरवर लांब गेटचा काउंटर चालवला की असाच खोटा आकडा मिळतो. ओओके (लहर चालू-बंद करून बिट पाठवणाऱ्या) रिमोटचंही तेच: बटण दाबून धरलं तरी वाहक लहर बिटांप्रमाणे तुटत असते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो.

८ ऑक्टोबर: आधी वेळ, मग फ्रिक्वेन्सी

पुढची सगळी वाट या नोंदीने सोपी केली. फ्रिक्वेन्सी माहीत नसली तरी तो केव्हा बोलतो हे सेलच्या करंटवरून कळतं, आणि तेवढ्यासाठी रेडिओ लागत नाही.

सेलच्या ऋण टोकात आणि बोर्डाच्या ग्राउंडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घातला. स्कोपची ग्राउंड क्लिप सेलच्या ऋण टोकाला, प्रोबचं टोक बोर्डाच्या ग्राउंडला. रेझिस्टर ऋण बाजूला ठेवायचा तो याचसाठी: स्कोपचं ग्राउंड जमिनीच्या अर्थिंगला जोडलेलं असतं, धन बाजूला रेझिस्टर घालून क्लिप लावली आणि दुसरीकडून काही अर्थिंगला जोडलेलं असलं तर शॉर्ट होतो.

रेझिस्टरची किंमत महत्त्वाची. सुरुवातीला १०० ओहमचा लावला होता, रेघ मोठी दिसावी म्हणून. प्रसारणाच्या वेळी चिप पंचवीस-तीस मिलिअँपिअर ओढते. १०० ओहमवर त्याचे अडीच-तीन व्होल्ट होतात, म्हणजे बोर्डाला जवळजवळ काहीच उरत नाही. बोर्ड बसतो, पुन्हा उठतो, पुन्हा बसतो. स्कोपवर दर दोन सेकंदांनी एक ठोका दिसतो आणि तोच प्रसारणाचा काळ वाटतो. १० ओहमवर फक्त ०.३ व्होल्ट पडतात आणि खरं चित्र दिसतं.

खरं चित्र असं: दर ५० सेकंदांनी सुमारे ८० मिलिसेकंदांचा एक झोत, त्यात करंट २८ मिलिअँपिअर. बाकी वेळ स्कोपला दिसणार नाही इतका कमी.

बोर्डावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. १० ओहमबरोबर त्याचा काळ एक मिलिसेकंद होतो, त्यामुळे झोताच्या आतले बिट या रेघेत पुसले जातात. ते बघायला वेगळा मार्ग लागतो: एक वेढ्याचं लूप, त्याला १एन५७११ डायोड, पुढे १०० पिकोफॅरड आणि १०० किलोओहम, आणि ते स्कोपच्या दुसऱ्या चॅनेलला. यांचा काळ १० मायक्रोसेकंद, बिट दिसायला पुरेसा. लूप स्प्रिंगपासून एक सेंटीमीटरवर.

करंट उसळताच डायोडवरही व्होल्टेज उसळलं. म्हणजे तो झोत खरोखर रेडिओचाच आहे, मायक्रोकंट्रोलरच्या जागं होण्याचा नाही. शिवाय ८० मिलिसेकंद डायोडची रेघ सपाट राहिली, मधे कुठे शून्यावर आली नाही. ओओके असतं तर कंगव्याच्या दातांसारखी तुटक दिसली असती. सपाट रेघ म्हणजे बहुधा एफएसके, म्हणजे लहर न तोडता फ्रिक्वेन्सी दोन टोकांत हलवून बिट पाठवणं. फ्रिक्वेन्सी कळण्याआधी मॉड्युलेशन कळलं, आणि पुढे याचा फार उपयोग झाला.

९ ऑक्टोबर: रात्रभरची झाडणी

डोंगलने तिन्ही पट्टे ओळीने झाडत (स्कॅन करत) ठेवले आणि निकाल फाइलमध्ये लिहिला. सकाळी चित्र काढलं तर रेघाच रेघा: शेजारपाजारचे सेन्सर, गाड्यांची रिमोट, मीटर, आणि डोंगलच्या स्वतःच्या २८.८ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या पटी. यांतली आपली कुठली ते सांगता येईना.

झाडणी निकामी का होते ते गणिताने बघितलेलं बरं. डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ बघतो, कडा सोडून कामाचे दोनच. २७४ मेगाहर्ट्झसाठी १३७ खिडक्या झाल्या. प्रत्येक खिडकीवर ट्यून होऊन, स्थिरावून, नमुने घ्यायला सुमारे ५० मिलिसेकंद धरले तर एका फेरीला सात सेकंद लागतात. झोत ८० मिलिसेकंदांचा. एखाद्या झोताच्या वेळी डोंगल नेमक्या त्याच खिडकीत असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत. झोत ५० सेकंदांनी एकदा, म्हणजे सरासरी पाऊण तासात एक सापडणार. तोही चित्रावर एकच ठिपका, इतर शेकडो ठिपक्यांत मिसळलेला.

सतत चालणाऱ्या ट्रान्समीटरला झाडणी उत्तम. क्षणभर बोलून गप्प बसणाऱ्याला नाही. खिडकी हलवायची नाही, एका जागी धरून झोताची वाट बघायची. आणि वाट बघण्यापेक्षा त्याला हवं तेव्हा बोलायला लावता आलं तर आणखी चांगलं.

११ ऑक्टोबर: ट्रान्समीटरला हुकमी बोलायला लावणं

असे बहुतेक सेन्सर सेल घातल्याबरोबर एकदा माहिती पाठवतात. हाही पाठवतो: वीज दिल्यापासून दीड सेकंदात पहिला झोत. म्हणून सेलच्या धन बाजूला पी-चॅनेल मॉस्फेट लावला आणि एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने त्याला तीन सेकंद चालू, दोन सेकंद बंद असं फिरवलं. त्याच पिनवर एक एलईडी. तो लागला की दीड सेकंदाने झोत येणार हे डोळ्यांना कळतं.

पहिल्यांदा हे चाललं नाही. वीज बंद झाल्यावरही १०० मायक्रोफॅरडच्या साठ्यावर चिप झोपेत तग धरून राहायची, मग वीज आली तरी तिला नवी सुरुवात वाटायचीच नाही. कपॅसिटरला समांतर १ किलोओहम लावला. काळ ०.१ सेकंद झाला, अर्ध्या सेकंदात व्होल्टेज शून्याजवळ आलं, आणि मग प्रत्येक वेळी झोत मिळू लागला. हा रेझिस्टर फक्त चाचणीपुरता, नंतर आठवणीने काढायचा, नाहीतर सेल महिन्याभरात संपतात.

आता हिशेब बदलला. ५० सेकंदांची वाट बघत १३७ खिडक्या तपासायला दोन तासांना थोडे कमी लागले असते. पाच सेकंदांच्या चक्रावर, प्रत्येक खिडकीला दोन झोत दिले तरी तेवीस मिनिटांत सगळं संपतं. आणि एलईडीच्या तालावर उमटणारी रेघच आपली, बाकीच्या कितीही असोत. एलईडीशी न जुळणाऱ्या रेघेकडे बघायचंसुद्धा नाही.

१२ ऑक्टोबर: पहिली रेघ सापडली, पण ती खरी नव्हती

वरच्या पट्ट्यापासून सुरुवात केली. ८६७.८८ मेगाहर्ट्झच्या आसपास एलईडीच्या तालावर दोन उंचवटे, एकमेकांपासून १३२ किलोहर्ट्झवर. एफएसकेची ओळख हीच. ताल जुळला, मॉड्युलेशन जुळलं, आणि ८६८ चा पट्टा अशा सेन्सरांसाठी सर्रास वापरला जातो. इथे थांबायला कोणालाही हरकत वाटली नसती.

पण थांबू नये. ४३३.९२ ची दुप्पट ८६७.८४ होते, म्हणजे ४३३ च्या उपकरणाचा दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतली लहर) बरोबर ८६८ च्या पट्ट्यात पडतो. जवळ ठेवलेल्या ट्रान्समीटरचा हार्मोनिक डोंगलला सहज ऐकू येतो. त्यामुळे ८६८ च्या आसपास काही सापडलं की त्याच्या निम्म्यावर जाऊन बघणं सक्तीचं.

निम्म्यावर, ४३३.९ ला, खिडकीभर काटेच काटे दिसले. इतके की ही गोंगाटाची जागा समजून पुढे गेलो असतो. हे काटेही एलईडीच्या तालावरच उठत होते. डोंगलचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) पूर्ण चढवलेला आणि ट्रान्समीटर टेबलावर एका हातावर, त्यामुळे आठ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आणि त्याआधीचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही भरून वाहत होते. खरा सिग्नल इतका मोठा होता की ओळखू येत नव्हता.

ट्रान्समीटर तीन मीटर लांब नेला, २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावला, गेन अर्ध्यावर आणला. काटे नाहीसे झाले आणि ४३३.९४ ला दोन स्वच्छ उंचवटे उरले, अंतर ६६ किलोहर्ट्झ.

याच आकड्यांत पुरावा आहे. हार्मोनिक तयार होताना वाहक फ्रिक्वेन्सीबरोबर तिची डोलही (मध्यापासून दोन्हीकडे हलणं) दुप्पट होते. वर १३२, खाली ६६: म्हणजे खालचा मूळ, वरचा त्याचा हार्मोनिक. अ‍ॅटेन्युएटर लावल्यावर वरची रेघ दिसेनाशी झाली, खालची ठळक राहिली, तेही जुळतं. ओओकेला उंचवटे नसतात, तिथे बोटाने अँटेनाला हात लावून किंवा क्रिस्टल, सॉ गरम करून सिग्नल हलवायचा. मूळ जितका हलेल त्याच्या दुप्पट हार्मोनिक हलतो.

१३ ऑक्टोबर: खोट्या रेघा कशा गाळल्या

खात्रीसाठी आजूबाजूच्या खिडक्याही बघितल्या. ४२६.८ जवळ तसेच दोन उंचवटे, पण खूप अशक्त. ही ट्यूनरची प्रतिमा. आर८२०टी२ आतमध्ये ३.५७ मेगाहर्ट्झच्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर काम करतो, म्हणून खऱ्या सिग्नलच्या ७.१४ मेगाहर्ट्झ खाली ट्यून केलं की त्याची छाया दिसू शकते. ४३३.९४ वजा ७.१४, बरोबर ४२६.८०.

रेघ खरी की खोटी हे ठरवायला तीन गोष्टी पुरतात:

- डोंगलच्या खिडकीचा मध्य ३०० किलोहर्ट्झने सरकवा. खरी रेघ आपल्या आकड्यावर राहते. एडीसीच्या ओव्हरलोडमधून आलेल्या अनेक रेघा जागा बदलतात. बरोबर मध्यावर बसलेला काटा खिडकीबरोबरच फिरत असेल तर तो डोंगलचा स्वतःचा.
- इनपुटला १० डीबी कमी करा. खरी रेघ १० ने उतरते. तिसऱ्या क्रमाच्या मिश्रणातून तयार झालेली ३० ने उतरते, म्हणजे जवळजवळ नाहीशी होते.
- ट्रान्समीटर गरम करा, हेअर ड्रायर लांबून पुरतो. छाया उलट दिशेने सरकते, खरी रेघ वर गेली तर ती खाली येते.

दुसरी चाचणी सर्वांत लवकर उत्तर देते. म्हणून अ‍ॅटेन्युएटर हे या कामातलं सगळ्यात उपयोगी साधन आहे, डोंगलच्या गेनच्या पट्टीवर त्याचं काम भागत नाही. गेन कमी करून पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ओव्हरलोड नेहमी जात नाही, अ‍ॅटेन्युएटर तो मुळातच कमी करतो.

१५ ऑक्टोबर: आकडा किती खरा

डोंगलवर दोन उंचवट्यांचा मध्य ४३३.९३९ दिसतो. यातला किती भाग डोंगलची स्वतःची चूक?

साध्या क्रिस्टलचा डोंगल ५०-६० पीपीएम (दहा लाखांत ५०-६० भाग) चुकीचा असणं नेहमीचंच. ४३४ मेगाहर्ट्झवर ६० पीपीएम म्हणजे २६ किलोहर्ट्झ. शिवाय सुरू केल्यापासून तो तापत जातो आणि आकडा सरकत राहतो, म्हणून वीस मिनिटं चालू ठेवूनच मोजायचं.

तुलनेसाठी जीपीएसने बांधलेला १० मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल वापरला. चौकोनी लहरीत विषम हार्मोनिक असतात आणि ४३ वा नेमका ४३०.००० ला येतो, आपल्या जागेपासून चारच मेगाहर्ट्झवर. आउटपुटला वायरचा छोटा तुकडा डोंगलच्या अँटेनाजवळ ठेवला तरी तो दिसतो. डोंगलने तो ४३०.०२१५ ला दाखवला, म्हणजे डोंगल ५० पीपीएम वर वाचतो. ४३३.९३९ मधून २१.७ किलोहर्ट्झ वजा केले: ४३३.९१७.

जीपीएसचा संदर्भ नसेल तर चांगला टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा क्रिस्टल) असलेला डोंगल घ्यावा, तो एक पीपीएमच्या आसपास असतो. कुठल्याही परक्या रिमोटला संदर्भ मानू नये. सॉ रेझोनेटरवाला रिमोट स्वतःच ७५ किलोहर्ट्झ इकडेतिकडे असू शकतो.

उंचवट्यांचा मध्य काढतानाही एक खाच आहे. संदेशात शून्यं जास्त असतील तर एक उंचवटा दुसऱ्यापेक्षा उंच दिसतो, आणि सरासरी काढणारं सॉफ्टवेअर मध्य त्याच्याकडे ओढतं. झोताच्या सुरुवातीला एक-शून्य-एक-शून्य असा भाग असतो, तिथे दोन्ही बाजू सारख्या. मोजमाप तिथलंच घ्यावं. २.४ मेगा नमुन्यांवर २०४८ बिंदूंचा एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सींत फोडून दाखवणारं गणित) घेतला तर एक खाना १.१७ किलोहर्ट्झचा येतो आणि एक चित्र ०.८५ मिलिसेकंदांचं, तेवढ्यात हा भाग वेगळा दिसतो. दोन टोकं ४३३.८८४ आणि ४३३.९५०. फ्रिक्वेन्सी यांपैकी एकही नाही, ती मधोमध. सर्वांत उंच शिखराला फ्रिक्वेन्सी समजून रिसीव्हर तिथे लावला तर निम्मे बिट त्याच्या गाळणीबाहेर (फिल्टरबाहेर) जातात.

४३३.९२ पासून फरक ३ किलोहर्ट्झचा, म्हणजे ७ पीपीएम. २६ मेगाहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलकडून एवढं अपेक्षितच. प्रोग्रॅममध्ये ४३३.९२ च लिहिलेलं आहे, याहून बारीक आकड्यामागे लागण्यात अर्थ नाही.

१६ ऑक्टोबर: काउंटरला दुसरी संधी

एकाच यंत्रावर विसंबू नये म्हणून काउंटर पुन्हा काढला, यावेळी गेट १० मिलिसेकंदांचं आणि कमाल आकडा धरून ठेवणारा मोड. झोत ८० मिलिसेकंदांचा असल्याने काही गेट पूर्णपणे त्याच्या आत पडतात. लूप स्प्रिंगला जवळजवळ टेकवलेलं. आकडे ४३३.९१ आणि ४३३.९२ च्या आसपास आले. १० मिलिसेकंद आणि ६४ चा प्रीस्केलर म्हणजे पायरी ६.४ किलोहर्ट्झची, याहून अचूकता मागायची नाही. ४३३ की ८६८ या प्रश्नाचं उत्तर मात्र तो निःसंशय देतो. स्प्रिंगजवळ मूळ सिग्नल हार्मोनिकपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि काउंटर मोठ्यालाच धरतो.

१८ ऑक्टोबर: डोंगल नसेल तर, लेकर तारा

ज्यांच्याकडे एसडीआर नाही त्यांच्यासाठी ही चाचणी करून ठेवली. ती सतत प्रसारण करणाऱ्या किंवा बटण दाबून धरता येणाऱ्या रिमोटलाच चालते, ८० मिलिसेकंदांच्या झोताला नाही. म्हणून ४३३.९२ चा माहीत असलेला रिमोट वापरला.

अर्न्स्ट लेकर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आजही तितकीच खरी. २ मिलिमीटरच्या दोन उघड्या तांब्याच्या तारा, दोन मीटर लांब, ३ सेंटीमीटर अंतरावर समांतर आणि ताठ, कोरड्या लाकडी फळीवर प्लास्टिकच्या टेकूंनी उचललेल्या. एक टोक लूप करून रिमोटच्या अँटेनाजवळ. त्याच टोकाजवळ डायोड आणि कपॅसिटर, मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टवर. मग लाकडी मुठीची पत्र्याची पट्टी दोन्ही तारांवर आडवी टेकवून सरकवत न्यायची. मीटरचा आकडा जिथे जिथे अचानक उसळतो किंवा पडतो तिथे खूण. लागोपाठच्या दोन सारख्या खुणांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी.

अंतर ३४.२ सेंटीमीटर आलं. २९९.७९ ला दोन गुणिले ०.३४२ ने भागलं की ४३८ मेगाहर्ट्झ. एक टक्का जास्त, कारण तारांवर आणि टेकूंजवळ लहर हवेपेक्षा किंचित हळू चालते आणि अंतर कमी भरतं. ३१५ असतं तर ४७.६ सेंटीमीटर, ८६८ असतं तर १७.३. पट्टा ओळखायला एवढं भरपूर झालं. दोन गोष्टी सांभाळायच्या: पट्टीला हात लागता कामा नये, आणि पहिल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं नाही, त्यात लूपची लांबी मिसळलेली असते.

१९ ऑक्टोबर: चॅनेल बदलतो का, आणि रिसीव्हरची मांडणी

आतापर्यंतचे सगळे झोत वीज चालू-बंद करून मिळवलेले. काही उपकरणं सुरुवातीचा संदेश एका चॅनेलवर आणि नंतरचे दुसऱ्यावर पाठवतात, त्यामुळे मॉस्फेट आणि १ किलोओहम काढून सेलवर नेहमीसारखं चालू ठेवलं आणि दर ५० सेकंदांचा झोत बघितला. जागा तीच. पुरवठा ३.० वरून २.४ व्होल्टवर आणला तरी हलला नाही, पीएलएल असल्याने ते अपेक्षित होतं. सॉ किंवा एलसी ऑसिलेटर असता तर सेल उतरताना सरकला असता, आणि रिसीव्हरची गाळणी रुंद ठेवावी लागली असती.

डोंगलच्या नोंदीतून सर्वांत लहान बिट १०४ मायक्रोसेकंदांचा निघाला, म्हणजे ९६०० बिट प्रतिसेकंद. डोल मध्यापासून दोन्हीकडे ३३ किलोहर्ट्झ. गाळणीची रुंदी: दोन गुणिले (३३ अधिक ४.८), म्हणजे ७५.६ किलोहर्ट्झ. दोन्ही बाजूंचे क्रिस्टल २०-२० पीपीएम चुकले तर १७.४ किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे, ते धरून ११०. सीसी११०१ मध्ये याच्या वरची पायरी ११६ किलोहर्ट्झची, ती निवडली. त्याखालची १०२ ची घेतली तर टेबलावर सगळं नीट चालतं, पण थंडीत बाहेर टांगलेला सेन्सर सरकला की संदेश गळू लागतात आणि दोष अँटेनाला दिला जातो.

मध्य ४३३.९२ वर, एफएसके, ९६०० बिट, गाळणी ११६. या मांडणीवर सीसी११०१ चा रिसीव्हर पहिल्या झोतापासून प्रीॲम्बल (झोताच्या सुरुवातीचा एक-शून्य-एक-शून्य भाग) पकडतो. सिंक शब्द (संदेश कुठे सुरू होतो ते सांगणारे बिट) आणि संदेशातली तापमानाची जागा शोधायचं काम वेगळ्या नोंदींत.